तुम्ही विचारलंत म्हणून: मेलेला माणूस उठला, हे मी खरंच मानते का

ईस्टर झाला की स्टाफरूममध्ये हा प्रश्न येतोच. डबे उघडलेले असतात, आणि कुणीतरी आवाज जरा खाली घेऊन विचारतं, "मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही बायॉलॉजी शिकवता. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, हे तुम्ही खरंखरं मानता, की आपलं घरचं आहे म्हणून?" विचारणाऱ्यांत खोचक फार थोडे. बहुतेकांना मनापासून कोडं पडलेलं असतं. इतकी वर्षं मी "श्रद्धेचा भाग आहे हो" म्हणून विषय बदलत आले. ते उत्तर मला स्वतःलाच पटत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मानते. खरंखरं मानते. येशूची शिकवण शिष्यांच्या मनात जिवंत राहिली वगैरे गुळमुळीत अर्थाने नाही. तो मेला होता आणि उठला.

"घरचं म्हणून" यावर एवढंच सांगते. नगर जिल्ह्यातल्या एका गावकुसाबाहेर माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, आणि आम्ही दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहोत. नुसतं घरचं म्हणून धरून ठेवण्यातला तोटा आमच्या घरात प्रत्येक पिढीने मोजलेला आहे. घरचं असतं तेवढंच, तर केव्हाच सुटलं असतं.

आता बायॉलॉजी. रक्तपुरवठा थांबल्यावर मेंदूच्या पेशी किती मिनिटं तग धरतात, हे मी बारावीला शिकवते. शुक्रवारी दुपारी मेलेला माणूस रविवारी पहाटे उठत नाही, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. पण ते पहिल्या शतकातल्या माणसांनाही ठाऊक होतं. ती आपली मढी स्वतःच्या हातांनी धुवायची, स्वतः गुंडाळायची. बायकांनी येऊन कबर रिकामी आहे असं सांगितलं, तेव्हा प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली, असं येशूचं चरित्र लिहिणारा लूक स्वच्छ लिहितो. थोमा हा शिष्य तर येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला. तेव्हा, त्या काळची माणसं भोळी होती हा युक्तिवाद माझ्यापुढे करू नका. पहिली शंका आमच्याच पुस्तकात आहे.

कॉलेजात असताना मी यावर मेंडेल फेकायचे. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मठवासी धर्मगुरू होता, वाटाण्यांवरचा त्याचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला. मग विज्ञान आणि श्रद्धा यांचं वैर कसलं? त्या मुलीला आज मी म्हणेन, बाई गं, मेंडेल मठात राहत होता म्हणून कबर रिकामी होती असं होत नाही. ती उलट म्हणेल, निदान दोन्ही गोष्टी एका डोक्यात मावतात एवढं तरी होतं ना? ते होतं. पण मला कुणी मावतात का असं विचारत नाही. खरं आहे का, असं विचारतात.

माझ्या हाताशी आहे ती साक्ष. पौल या प्रेषिताने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पहिलं पत्र लिहिलं ते सुमारे इ.स. ५५ च्या आसपास, म्हणजे वधस्तंभानंतर वीस-पंचवीस वर्षांनी. त्यात तो कुणाकुणाला येशू दिसला ते सांगतो: केफा म्हणजे पेत्र, बारा जण, मग पाचशेहून जास्त जण, त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत, मग याकोब. म्हणजे जाऊन विचारा, असंच तो सांगतोय. आणि चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, कबरीपाशी पहिल्यांदा पोचतात त्या बायका. ज्या समाजात बाईच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं तिथे रचलेली गोष्ट कुणी बायकांच्या तोंडी दिली नसती. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाने यावरूनच ख्रिस्ती लोकांची टर उडवली. हे प्रयोगशाळेत टिकणार नाही. प्रयोग पुन्हा करून दाखवता येत नाही. बायका किती होत्या, देवदूत एक की दोन, यात चार वृत्तांत जुळत नाहीत, आणि पौलाच्या यादीत तर बायकांचं नावच नाही. हे सगळं धरून मी म्हणते की या माणसांनी काहीतरी पाहिलं, आणि त्यापायी मार खाल्ला. तुम्ही म्हणाल, भास झाला. म्हणा. तो तुमचा निष्कर्ष झाला, पुरावा तुमच्याजवळही नाही.

पण खरं सांगायचं तर यांतल्या कशानेही माझा निकाल लागला नाही. तो लागला धाकट्या भावाच्या वेळी, आणि हे मी स्टाफरूममध्ये कधीच बोलले नाही.

मधुमेहाने त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यासाठी डाव्या हातावर धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला. त्यावर बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागायची. माझी मुलं मामाच्या हाताला कान लावून ती ऐकत बसायची. पाणी मोजून प्यायचं, केळं नाही, नारळपाणी नाही. तो चिडायचा, पण जायचा. योजनेतून उपचार होत होते, पैशाची ओढाताण बेताची होती. असा माणूस वर्षानुवर्षं काढू शकतो.

मग बाहेरगावाहून एक प्रचारक आला आणि आमच्या भागात चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, सभा सुरू झाल्या. आमच्या चर्चचा नव्हता तो. भावाने दोनदा डोक्याला तेल लावून घेतलं. तिसऱ्या वेळी त्या माणसाने सगळ्यांदेखत विचारलं, "तुझा भरवसा मशीनवर आहे की प्रभूवर?" भाऊ घरी आला तो उजळलेल्या चेहऱ्याने. त्याने सोमवार चुकवला. मी त्याच्या घरी जाऊन भांडले, पोटॅशियम वाढलं की हृदयाचं काय होतं ते त्याच्या वहीत आकृती काढून दाखवलं. तो हसून म्हणाला, "ताई, तू सगळं शाळेसारखं करतेस. लघवी थोडी वाढलीये, बघ." आई त्याच्या बाजूने होती. त्याने बुधवारही चुकवला. गुरुवारी रात्री त्याला आडवं होता येईना, दम लागला, पाय सुजून तकतकीत झाले. रिक्षात तो माझ्या खांद्याला टेकून बसला होता आणि मी मुकाट्याने त्या फिस्टुलावर हात धरला होता. दवाखान्याच्या फाटकापर्यंत थरथर लागत होती. आत नेईपर्यंत थांबली.

दफनाच्या दिवशी पाळकांनी तोच अध्याय वाचला, पहिलं करिंथ पंधरा. "अरे मरणा, तुझी नांगी कोठे?" मंडळी आमेन म्हणाली. माझ्या तोंडून निघालं नाही. नांगी कुठे ते मला पक्कं माहीत होतं. माती टाकून झाल्यावर, त्या सभांना जाणारी एक बाई मला जवळ घेऊन म्हणाली, "विश्वास थोडा कमी पडला गं त्याचा."

तुम्हाला वाटेल, इथे माझं सुटलं असेल. उलट झालं. त्या वाक्याच्या संतापात मी कितीतरी रात्री गेथशेमाने बागेतला, येशूच्या अटकेआधीचा प्रसंग वाचत बसले. हा प्याला माझ्यापासून टळो, अशी येशूने प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. मग त्याचाही विश्वास कमी पडला का? आणि उठला तेव्हा थोमाला त्याने काय दाखवलं? हातावरच्या खुणा आणि कुशीतली जखम. उठलेल्या शरीरावर त्या तशाच होत्या. जखमाच राहणार नाहीत असं वचन देणारा तो प्रचारक कुठल्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होता. मी ज्याला मानते तो जखमांसकट उठलेला आहे. तसाच उठला असेल तरच माझ्या भावासाठी त्यात काही आहे. म्हणून मला रूपक चालत नाही. रूपक भावाला उठवणार नाही.

दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, तेव्हा आमच्यातल्या काहींना तो आपल्यावर उलटेल अशी धास्ती होती. मला तो कायदा माझा वाटतो. कुणी प्रार्थनेच्या नावाखाली माणसाला उपचारांपासून तोडत असेल, तर तुम्ही विरोध करा, मी तुमच्याबरोबर उभी राहीन. फक्त तेव्हा "मग तुम्ही चर्चला जाता कशाला" असं विचारू नका. प्रश्न विचारून श्रद्धा ठेवणं ही आमच्यात नवी गोष्ट नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि इंग्लंडातल्या आपल्या गुरुस्थानी असलेल्या बायकांशी त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून, वाद घातला. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा यांना त्यांनी आधीच पोचवलं होतं, १९२१ मध्ये मुलगी मनोरमाही गेली. तरी मराठी बायबलचं भाषांतर त्यांनी हातचं सोडलं नाही.

माझी आई अजून त्या सभांना जाते. आमच्या शेजारच्या काकूंची पाठ तिथे बरी झाली म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत. देव कुणाला बरं करतच नाही, असं मी म्हणू शकत नाही; मग काकूंना केलं आणि माझ्या भावाला नाही, याचं काय करायचं, ते मला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला या बाजूने विचारायचं असेल तर विचारा. आता मी विषय बदलणार नाही.