शेरबूरचा न सापडलेला सांधा

पॅरिसचे पाच दिवस एका ओळीत उरकतो: रांगा, पोटऱ्यांना गोळे, आणि आयफेल टॉवरखाली उभं राहून बाबांचा एकच शेरा, "सगळे रिव्हेट आहेत की रे!"

बाबा माझगाव डॉकमधले निवृत्त वेल्डर. 'शाल्की' आणि 'शंकुल' या पाणबुड्या तिथे बांधल्या गेल्या तेव्हा ते त्या कामावर होते. घरी त्याबद्दल अवाक्षर नाही. विचारलं की "ते सांगायचं नसतं" म्हणून पेपर उघडायचे. म्हणून मी सहलीत गुपचूप शेरबूर घुसवलं: फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं बंदर, जिथल्या संग्रहालयात खरी पाणबुडी आहे. बायकोला सांगितलं, समुद्र बघायला जातोय.

साँ-लाझार स्थानकावरून गाडीने तीन तासांच्या वर लागले. उतरलो तर पाऊस. आपल्यासारखा धो-धो नाही, नुसती किरकिर. छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर भिजतो. संग्रहालय 1933 च्या जुन्या सागरी स्थानकात आहे, अटलांटिकपार जाणाऱ्यांना बोटीवर चढवण्यासाठी बांधलेल्या. 'टायटॅनिक' 10 एप्रिल 1912 ला या बंदराशी थांबली होती, त्यामुळे निम्मी गर्दी त्या दालनात. बाबांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

बाहेर सुक्या गोदीत 'ल रदुताब्ल' उभी आहे. 128 मीटर लांब, काळीकुट्ट. फ्रान्सची पहिली अण्वस्त्रवाहू पाणबुडी. 29 मार्च 1967 ला राष्ट्राध्यक्ष द गॉलच्या उपस्थितीत तिचं जलावतरण झालं, डिसेंबर 1971 मध्ये ती नौदलात आली, 1991 मध्ये निवृत्त. बांधलीही इथेच, या शहरात.

पण ती सरळ जमलेली गोष्ट नाही, आणि मला तेच आवडलं. पन्नासच्या दशकात फ्रेंचांनी 'क्यू 244' नावाची अणुपाणबुडी हाती घेतली होती. समृद्ध (प्रक्रिया करून तीव्र केलेलं) युरेनियम मिळेना, म्हणून साध्या युरेनियमवर आणि जड पाण्यावर (जड हायड्रोजनच्या पाण्यावर) चालणारी अणुभट्टी आखली. ती इतकी अवजड होऊ लागली की पाणबुडीत मावेना. 1959 मध्ये प्रकल्प गुंडाळला. अर्धवट सांगाडा मात्र फुकट घालवला नाही: त्याचीच 'जिमनोत' नावाची डिझेल पाणबुडी करून तिच्यावरून क्षेपणास्त्रांच्या चाचण्या घेतल्या. त्याच काळात डिझेलवरच्या 'डाफ्ने' वर्गातल्या दोन पाणबुड्या दक्षिणेकडच्या तूलाँ बंदराच्या बाजूच्या समुद्रात बुडाल्या, 1968 मध्ये 'मिनर्व' 52 जणांसह आणि 1970 मध्ये 'युरिदिस' 57 जणांसह. 'मिनर्व'चे अवशेष सापडायला 2019 उजाडलं, 2,370 मीटर खोलीवर. हे वाचून बाबा बराच वेळ गप्प उभे होते. मग आत शिरलो.

आत सोळा क्षेपणास्त्रांच्या नळ्यांचं जंगल, बंकवर बंक, आणि रोज ताजा पाव भाजणारी भटारखान्याची खोली. (अडीच महिने समुद्राखाली राहायचं, तर निदान पाव तरी धड मिळो. वर उपाहारगृहात मला मिळाला तो गारठलेला, चामड्यासारखा. आम्ही शेवटी पिशवीतला चिवडा खाल्ला.) शाळेची पोरं पुढेमागे ढकलत होती. बाबांनी कानातलं ऑडिओगाईड काढून माझ्या हातात दिलं. "यंत्र बोलतंय, मला बघू दे."

अणुभट्टीच्या भागात आलो तेव्हा मीच सांगितलं, खरी भट्टी इथे नाही. निवृत्तीनंतर पाणबुडीचा तो तुकडाच कापून काढला आणि त्याजागी रिकामी नळी जोडली.

"कापला? आणि परत जोडला?"

पुढचा पाऊण तास मी विसरणार नाही. बाहेर आल्यावर बाबा किरकिऱ्या पावसात, चष्मा पुसत, पाणबुडीच्या पोटाखालून चालत होते. मान वर करून, कधी वाकून, कधी डोळे बारीक करून सांधा शोधत होते. मी छत्री धरून मागे. रखवालदार दोनदा येऊन बघून गेला. एका जागी त्यांनी उगाच हवेतच हात फिरवला, जणू वेल्डिंगचा रॉड धरलाय.

"दिसत नाही," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "घासून रंग मारलाय. पण रंगाखालीसुद्धा उंचवटा दिसायला पाहिजे होता. चांगला केलाय."

या फेरीत आमची गाडी चुकली. पुढचीची वाट बघताना एका भिंतीवरच्या चित्रात 1983 मध्ये नौदलात आलेली 'रुबी' पाहिली: 74 मीटरची, जगातल्या सगळ्यात लहान अणुपाणबुड्यांपैकी. "जागा कमी, म्हणजे वेल्डरचे हाल," बाबा म्हणाले. मी सांगितलं, आपल्या 'खांदेरी' पाणबुडीचा आराखडाही या फ्रेंचांचाच, बांधली माझगावला. "माहितीय. ती पोरं आमच्यानंतरची."

आणि मग बोलायला लागले. ते पोलाद आधी तापवून घ्यावं लागतं, नाहीतर गार होताना तडा जातो. जोड झाला की एक्स-रे. त्यात तांदळाएवढा बुडबुडा दिसला तरी सगळा खरवडून पुन्हा भरायचा. "एकदा माझाच तीनदा परत आला. तुझी आई विचारायची, रात्रपाळी का वाढली म्हणून."

परतीच्या गाडीत उलट्या दिशेची जागा मिळाली. वाटेतलं काँ स्थानक कधी आलं, कधी गेलं, मी बघितलंच नाही.