तुम्ही विचारलंत म्हणून: हे औषध समुद्रातलं का?

ल्युकेमियावरच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावरच्या, सायटाराबीन या औषधाची बाटली टांगली की कुणीतरी हमखास विचारतं, "सिस्टर, हे समुद्रातल्या स्पंजापासून काढतात म्हणे. मग नॅचरलच की!" मोबाइलवर वाचलेलं असतं. त्यातला स्पंज खरा आहे, पण त्या 'नॅचरलच की'ने माझ्या पोटात गोळा येतो.

कॅरिबियन आणि फ्लोरिडाच्या उथळ समुद्रात टेक्टिटेथिया क्रिप्टा नावाचा हा जीव राहतो. निम्मा वाळूत रुतलेला, वरच्या अंगावरही वाळू नि शेवाळ. क्रिप्टा म्हणजे दडलेला, नाव अगदी शोभतं. १९४५ साली रसायनतज्ज्ञ वर्नर बर्गमन यांनी तो फ्लोरिडाच्या एलियट की बेटाजवळून गोळा केला. पुढे त्यात त्यांना डीएनएच्या अक्षरांसारखेच रेणू सापडले, फक्त साखर निराळी, अरॅबिनोज. फरक म्हणाल तर पहिल्या वेलांटीच्या जागी दुसरी, एवढाच. तो नमुना धरून रसायनतज्ज्ञांनी १९५९ मध्ये सायटाराबीन तयार केलं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. म्हणजे बाटलीत स्पंजाचा कणसुद्धा नाही. सगळा माल कारखान्यातला.

पेशीला ती वेलांटी ओळखू येत नाही. डीएनएची नक्कल करताना ती हेच अक्षर उचलते आणि लिहिता लिहिता अडते. ल्युकेमियाच्या पेशी सारख्या नकला काढत असतात, त्या जास्त अडतात. पण तोंडातलं अस्तरही भराभर वाढणारंच, म्हणून तोंड सोलवटतं.

मोठ्या डोसात डोळे चुरचुरतात, त्यासाठी स्टेरॉइडचे थेंब असतात. मला खरी भीती छोट्या मेंदूची. त्याला धक्का बसला की तोल जातो, बोलणं जड होतं, अक्षर बिघडतं. म्हणून प्रत्येक डोसाआधी मी वही पुढे करते आणि सही घेते. "माझी पेन्शन काढताय की काय?" असं एका गुरुजींनी विचारलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सहीखाली लांबलचक वाकडी रेघ दिसली. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. गुरुजी ओशाळून म्हणाले, "अहो, आज जरा बरं वाटतंय म्हणून लफ्फा मारला!"

तरी डॉक्टर येऊन, त्यांना बोट नाकाला लावायला सांगून, चालवून बघेपर्यंत मी पुढची बाटली टांगली नाही.