तालीम वही: चौथा खर्डा आणि एक न मिळालेला हार

मंडळी, माझ्या एकपात्री नाटकाच्या संहितेचा तिसरा खर्डा पक्का झाला असं मागच्या महिन्यात कळवलं होतं. तो आता रद्द. चौथा लिहायला घेतलाय.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात: नाटक आजीच्या थोरल्या मावशीवर आहे; ती संगीत नाटक कंपनीत काम करायची. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या, हे आपण सगळे वाचत आलोय. गावोगाव बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या छोट्या कंपन्यांमधल्या बायकांबद्दल मात्र कोणी लिहिलं नाही. मावशीच्या तीन वह्या आमच्या पंचवटीतल्या घरात निघाल्या. पुढची पानं रोजनिशीची, बाळबोध लिपीत. मागची जमाखर्चाची, मोडीत.

मोडी मी गेल्याच वर्षी शिकले, अजून अडखळते. नाशिकच्या मुक्कामातल्या एका पानावर सलग 'हारनदिला' असं लिहिलंय. मी वाचलं, 'हार नदीला'. प्रयोगाच्या सकाळी तिनं गोदावरीला हार वाहिला असणार! त्यावर सहा मिनिटांचा प्रवेश बांधला. रामकुंडाची पायरी म्हणून एक लेव्हल, निळा प्रकाश, मागे तंबोरा. नाटकातला सगळ्यात देखणा प्रवेश तोच होता.

परवा मोडी जाणणाऱ्या एका काकांना वही दाखवली. ते बराच वेळ पान डोळ्यांजवळ धरून बसले. "अगं, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्दही तोडत नाहीत. हे 'न दिला' असंही होतं की." मग बोट पानाच्या डोक्याशी नेलं. "आणि ही बाजू जमेची आहे. नदीला वाहिला असता तर खर्चात पडला असता."

वरच्या ओळीत पगाराचे रुपये. खाली हार, आणि त्यापुढे आकडा नाही. त्याच तारखेच्या रोजनिशीत एवढंच आहे की प्रयोग रंगला आणि ती लवकर निजली.

त्या रात्री मी सहा मिनिटांच्या प्रवेशावर काट मारली. वाईट वाटलं, पण तो प्रवेश माझा होता, तिचा नव्हता.

आता त्या जागी ती बिऱ्हाडी परतते आणि प्रयोगाच्या नऊवारीची घडी घालते. सुमारे आठ मीटर कापड, एकटीनं घडी करायची म्हणजे एक टोक दातांत धरावं लागतं. टोक दातांत असताना बोलता येत नाही. त्यामुळे जवळजवळ चार मिनिटं एकही वाक्य नाही. एकपात्रीत आपण शांततेला फार घाबरतो, असं मला गच्चीवरच्या तालमीत पहिल्यांदा जाणवलं. समोर बसलेल्या दोघी मैत्रिणी हलल्यासुद्धा नाहीत.

एकूण वेळ ११० मिनिटांवरून ७५वर आलाय. पदं दोनच ठेवली, पायपेटीवर. पहिला प्रयोग कालिदास कलामंदिरात नको, सत्तर-ऐंशी खुर्च्यांची जागा शोधतेय. दातांतलं टोक शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे.

अडलंय ते एकाच ठिकाणी. घडी झाल्यावर ती कंदिलापाशी बसून जमाखर्च मांडते, आणि ती ओळ मोठ्यानं म्हणते. कागदावर जोडलेलं तोंडानं तोडावंच लागतं. 'हार', मग 'न', मग किती थांबायचं? सध्या अर्धी मात्रा थांबतेय. रविवारी पूर्ण मात्रा थांबून बघणार आहे.