रोकोची मिशी

दुपारी जेवून आडवं झालं की मला सत्तरच्या दशकातले इटालियन गुन्हेगारीपट लागतात. नायक काय करतोय याची मला फारशी पडलेली नसते. त्याच्या आसपास घुटमळणारा, चपचपीत केसांचा, काळ्याभोर मिशीचा गुंड दिसला की झोप उडते. फेर्नांदो दी लेओच्या 'मिलानो कालिब्रो ९' (१९७२) मधला रोको, म्हणजे मारिओ आडोर्फ.

तुरुंगातून सुटून आलेल्या ऊगोला हा रोको सिनेमाभर छळतो. ऊगो दगाफटक्याने मारला जातो तेव्हा मात्र मारणाऱ्याचं डोकं आपटत, असल्या माणसासमोर हॅट काढायची असते म्हणून बेभान ओरडतो. (शेवट फोडला. पन्नास वर्षं झाली, आता काय!) त्याच वर्षी दी लेओने 'ला माला ओर्दिना'त त्याला मुख्य भूमिका दिली, मिलानमधल्या एका किरकोळ दलालाची. बायको-मुलीला चिरडणाऱ्या व्हॅनमागे तो धावतो, तिला लटकतो आणि चक्क कपाळाने काच फोडतो. देखणा नायक असता तर त्याने आधी केस सांभाळले असते.

आडोर्फचा बाप दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाचा, आई जर्मन. जन्म १९३० चा, झुरिकचा. वाढला जर्मनीतल्या मायेनमध्ये. १९६३ च्या 'विनेटू'त त्याने नायकाच्या बहिणीला गोळी घातली, ते जर्मन प्रेक्षकांनी त्याला पुढे कित्येक वर्षं ऐकवलं. मला आमची आजी आठवते. टीव्हीवर निळू फुले दिसले की "आला मेला!" म्हणत पदर सावरून बसायची, आणि सिनेमा संपेपर्यंत जागची हलायची नाही.

आडोर्फचं नाव झालं ते मात्र १९५७ मध्ये, रॉबर्ट सिओडमाकच्या 'नाख्ट्स, वेन डेर टॉयफेल काम'मुळे. त्यात तो ब्रूनो ल्यूडके झाला, बायकांचे गळे दाबणारा मतिमंद खुनी. बक्षीसही मिळालं. ल्यूडके खराखुरा माणूस होता. १९४३ मध्ये नाझी पोलिसांनी त्याच्याकडून ऐंशीच्या वर खुनांची कबुली काढून घेतली, खटला कधी चालवलाच नाही, आणि पुढच्याच वर्षी तो व्हिएन्नात त्यांच्या कैदेत मेला. त्याने एकही खून केला नव्हता, असं आता अभ्यासक म्हणतात. आडोर्फने इतका अस्सल खुनी उभा केला, की लोकांनी ल्यूडकेला तसाच लक्षात ठेवला.