होळी अंक कुठवर आला

मराठी आणि हिंदीची पानं लागली, कोरकूचं वाचन चालू आहे, उर्दू अजून लटकलेली. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमचं कॉलेज अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या पायथ्याशी. मराठी, वऱ्हाडी, हिंदी, उर्दू आणि कोरकू (मेळघाटातल्या आदिवासींची भाषा) अशा पाच बोलींत आमचं अनियतकालिक निघतं. ए-५ आकार, ४८ पानं, मधोमध दोन पिना. संस्थेचा गुळगुळीत वार्षिकांक वेगळा. मान्यवरांचे फोटो त्यात असतात, आमच्याकडे तेवढी जागा नाही.

यंदाचा विषय 'बंद पडलेली गाडी'. डोक्यात अर्थातच शकुंतला ही रेल्वेगाडी होती. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ही नॅरोगेज इथला कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली. किलिक निक्सन या खासगी कंपनीचं नाव या रुळांना स्वातंत्र्यानंतरही चिकटून राहिलं, हे पोरांना खरंच वाटेना. वऱ्हाडीत आठवणींचा ढीग आला. डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला जाणाऱ्या आज्या, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढणारे पोट्टे. उर्दूत जिनिंगच्या हिशेबावर एक झकास लेख आला. कोरकूत मात्र काहीच येईना.

मग धारणीकडच्या मुलीनं विचारलं, "सर, आमची गाडी चालते का?" आमची म्हणजे अकोट–खंडवा मीटरगेज. मेळघाटातून जाणारी, धुळघाटला स्वतःभोवती फेरा मारून डोंगर चढणारी. तीही बंद, आणि ब्रॉडगेज व्याघ्र प्रकल्पातून न्यायची की वळवून, यावरचा वाद सगळ्यांना ठाऊक आहेच. शकुंतलेवर लिहा म्हणून आम्ही त्या पोरांच्या मागे लागलो होतो, आणि त्यांच्या आजोबांनी शकुंतला पाहिलेलीच नव्हती. आता कोरकू विभागात वेगळी गाडी आहे, वेगळी स्टेशनं आहेत, जंगलातून लाकडाची मोळी आणून डब्यात चढवणाऱ्या बाया आहेत.

हे जमलं त्याला एक कारण यंदाचा निर्णय: शेजारी मराठी अनुवाद छापायचा नाही. आधी कोरकू मजकुराच्या बाजूला मराठी रकाना असायचा. मराठीवाले तर सोडाच, कोरकू मुलंही नजर थेट त्या रकान्याकडे न्यायची. लिहिणाराही मराठीत काय उतरेल याचा अंदाज घेत लिहायचा. आता शेवटच्या पानावर प्रत्येक लेखाचा चार ओळींचा सारांश, बस्स. यावर आमच्यात चांगलंच वाजलं. "मग बाकीच्यायले समजन कसं?" हा प्रश्न रास्त आहे. पण एकच मजकूर पाच भाषांत छापायचा तर सरकारी माहितीपत्रक काय वाईट?

कोरकू विभागाचं वेळापत्रक सेमिस्टरवर बेतता येत नाही. कामाला बाहेर गेलेली माणसं होळीला परततात. मेळघाटात होळीच मोठी, दिवाळी नंतर. तेव्हा पोरं फोनवर आजी-आजोबांचं बोलणं टिपून आणतात, आणि अंक परीक्षेआधी कसाबसा निघतो. कोरकू मुंडा कुळातली, तिची भावकी झारखंडकडच्या मुंडारी-संथाळीशी. देवनागरी तिला अंगभर बसत नाही, त्यामुळे एकच शब्द धारणीचा मुलगा एक लिहितो, चिखलदऱ्याची मुलगी दुसरं. आमचा नियम असा: एका लेखात एकच लेखन, दोन लेखांत मात्र इस्त्री फिरवायची नाही. प्रुफं डोळ्यांनी तपासत नाही. एक जण मोठ्यानं वाचतो, दोघं नुसतं ऐकतात, अडखळलं तिथं खूण. हा प्रयोग वऱ्हाडीलाही लावून पाहिला. कागदावर 'मले' आणि वाचताना 'मला' असं झालं की कळतं, पोरगं प्रमाण मराठीचा शर्ट घालून बसलंय.

कवितांचं मात्र दरवर्षीचंच रडगाणं. बाप, फास, पांढरं सोनं. हे तिन्ही शब्द एका कवितेत आले की आता आम्ही ती बाजूला ठेवतो. निर्दयपणा वाटेल, पण यातल्या बहुतेक कविता मागच्या कवितांवरून लिहिलेल्या असतात, वावरावरून नाही. अशा एका कवीला सांगितलं, घरातली सोयाबीनची पट्टी (विक्रीची पावती) घेऊन ये आणि त्यावर काय काय लिहिलंय ते लिही. त्यानं हमाली, तोलाई, ओलाव्यापायी पाडलेला भाव, वाहनाचं भाडं, कृषी केंद्राची उधारी असं ओळीनं मांडलं आणि शेवटी हातात उरलेली रक्कम. त्यात एकही विशेषण नाही. या अंकातलं सगळ्यात जोरकस पान तेच आहे. लेखकाचं नाव मात्र छापणार नाही, घरच्यांशी बोलून तसं ठरलं. कर्ज, मारझोड, शाळा सुटलेली बहीण असल्या लेखनात नाव-गाव काढून टाकायचं हे आता पक्कं आहे.

आता थोडं तांत्रिक. उर्दू उजवीकडून चालते, म्हणून मागचं कव्हर हेच उर्दूचं पहिलं कव्हर आणि तिथून आत आठ पानं. ए-४ कागद मधून दुमडला की चार पानं, म्हणजे ४८ पानांना बारा कागद. छापखान्यात पानांची उलथापालथ नको म्हणून बारा कोरे कागद दुमडून, पेन्सिलनं नंबर टाकून डमी सोबत देतो. हे जरूर करा. उर्दूची नस्तालिक लिपी तिरपी उतरते, तिला ओळींमधली जागा जास्त लागते; मराठीचं अंतर लावलं तर वरच्या ओळीची शेपूट खालच्या ओळीत शिरते. इनपेज या उर्दू टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर दुसरीकडे चिकटवला की अक्षरं फुटतात, त्यामुळे आता तिथूनच थेट पीडीएफ मागवतो. लटकलंय ते इथंच. टाइप करणाऱ्या चाचांकडे लग्नपत्रिकांची गर्दी आहे, आणि लग्नपत्रिकेपुढे साहित्याचं काय चालणार!

मराठी पानांना सॉफ्टवेअरमध्ये भाषा 'मराठी' निवडायला विसरू नका. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदीचे. आम्ही हिंदी पानांवर हिंदी वळण मुद्दाम राहू दिलंय.

बाकी कामं अशी. मुखपृष्ठ ठरायचंय, इंजिनाचं चित्र नको यावर तेवढं एकमत आहे. कोरकू ध्वनिमुद्रणांच्या प्रती ज्यांच्या त्यांच्या घरी पोचवायच्या आहेत, नुसता अंक देऊन भागत नाही, कारण बोलणाऱ्या आजीला वाचता येतंच असं नाही. पुढच्या अंकासाठी महानुभाव पंथाच्या रिद्धपूरचा विचार चालू आहे. महानुभावांची सकळ ही सांकेतिक लिपी, तिची अक्षरं पोरांनी हातानं काढायची आणि तशीच छापायची. स्कॅनर तेवढा कुणाचा तरी उसना मिळायला हवा.