लाईट आली आणि मी ओरडलो

लातुरात शोभेचे मासे विकणं आणि लोकांच्या घरच्या टाक्या सांभाळणं हा माझा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक फ्लॉवरहॉर्न नाहीतर गोल्डफिश मागणारं. पण प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांच्या चार फुटी टाकीत कॅनरा पर्लस्पॉट नावाचे मासे आहेत. सिक्लिड या माशांच्या कुळातल्या मूळच्या भारतीय जाती तीनच. त्यांतला करिमीन केरळात ताटात वाढतात, केशरी क्रोमाइड दुकानात सहज मिळतो. ही तिसरी जात मात्र कर्नाटकातल्या नेत्रावतीसारख्या मोजक्या नद्यांतच राहते. मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७७ मध्ये तिचं वर्णन केलं, आज ती धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. सरांनी नदीतून धरलेला मासा कधी घेतला नाही. मंगळूरकडच्या एका हौशी माणसानं घरी वाढवलेली पिल्लं तेवढी आणली.

मे महिन्यात एका संध्याकाळी वादळी पाऊस झाला. खांब आडवे झाले, आमच्या भागातली डीपीही गेली. रात्री इन्व्हर्टर बसला. सकाळी सरांचा फोन आला, "मासे वर आलेत रे बाबा. असशील तसा ये."

टाकीतलं पाणी ३३ अंशांवर गेलं होतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३३ ला जेमतेम सात, तेही हवा नीट मिसळत असेल तर. आणि उकाड्यात माशाला प्राणवायू लागतो जास्त. चार मासे पृष्ठभागाला तोंड लावून हापापल्यासारखे श्वास घेत होते.

जोडी मात्र खाली होती. काळ्या फरशीच्या तुकड्यावर अंडी चिकटवलेली, त्यांच्यावर मादी छातीचे पर हलवत पाणी खेळवत होती. पिवळसर अंगावरचे उभे पट्टे गडद झालेले, त्यांवरचे मोत्यासारखे ठिपके उठून दिसत होते. कल्ले नुसते धडधडत होते. ती वर जाऊन दोन घोट घेऊन येईपर्यंत नर तिच्या जागी उभा राहायचा, ती आली की बाजूला व्हायचा. मी इतकी वर्षं मासे हाताळतोय, पण त्या काचेसमोरून मला हलवेना.

बॅटरीचा एअर पंप सोबत नेला होता, तो लावला. सरांनी मगाने पाणी काढून उंचावरून परत ओतायला घेतलं. बाटल्यांत भरलेला बर्फ शेजाऱ्यांकडून आणला, पण एक-एकच बाटली सोडली. पाणी एकदम गार केलं तर मासा तेही सोसत नाही.

पाणी बदलणं हा मराठवाड्यात सगळ्यात अवघड भाग. आमचं बोअरचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर. २०१६ साली मिरजेहून लातुरात रेल्वेनं पाणी आलं होतं, त्या गावात माशासाठी पाणी मागायचं म्हणजे जीभ अडखळते. सर आरओचं पाणी आणि बोअरचं थोडं पाणी मिसळून, निववून पिंपात भरून ठेवतात. नदीतल्यासारखं मऊ, किंचित आम्लाकडे झुकणारं. त्या दिवशी हेच कामी आलं, असं माझं ठाम मत आहे. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया क्षारी, तापल्या पाण्यात फार विषारी होतो. पिंपातल्यासारख्या आम्लाकडे झुकणाऱ्या पाण्यात तो बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो.

दुपारी लाईट आली. काकूंचा हात फिल्टरच्या बटणाकडे गेला आणि मी ओरडलो, "काकू, हात लावू नका!"

कॅनिस्टर फिल्टर म्हणजे टाकीबाहेरचा बंद डबा; तो थांबला की आत पाणी कोंडून राहतं. आतल्या, अमोनिया पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, ते मरतात आणि सडायला लागतं. बटण दाबलं की ते सगळं एका दमात टाकीत. मी बाहेर नेऊन झाकण उघडलं, तर सडक्या अंड्याचा वास. काकू दोन पावलं मागे सरकल्या. आतले स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळले, कारण नळाच्या क्लोरीननं उरलेसुरले जिवाणूही गेले असते. मग फिल्टर चालू केला.

संध्याकाळपर्यंत तीन मासे खाली आले. एक गेला. अंडी दुसऱ्या दिवशी पांढरी पडली आणि जोडीनंच ती खाल्ली. सर म्हणाले, "जोडी राहिली ना, मग झालं."

चहा घेताना त्यांनी मादागास्करच्या मँगाराहारा सिक्लिडचं सांगितलं. भातशेतीसाठी पाणी वळवल्यानं त्याची नदी आटली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाकडे नरच उरले, तेव्हा २०१३ मध्ये मादीसाठी जगभर आवाहन करावं लागलं. त्याच वर्षी एका छोट्या उपनदीत थोडे मासे सापडले. तो आपल्या पर्लस्पॉटचा दूरचा नातलग.

पावसाळ्यात जोडीनं पुन्हा अंडी घातली, या वेळी पिल्लं जगली. कोणाची पिल्लं कोणाला दिली, हे सर वहीत लिहितात. घेणाऱ्याला आधी बजावतात, नको झाली तर मला परत आणा, मांजरा धरणात सोडू नका. तिथं आधीच चिलापी (तिलापिया) हा बाहेरचा मासा माजला आहे. चार पिल्लं माझ्याकडे आहेत. दुकानाच्या मागच्या टाकीत ठेवलीत, विकायला नाहीत.