कारागृहातून बाक आणताना : माझा अनुभव

राजापूर तालुक्यातील आमच्या माध्यमिक शाळेसाठी सागवानी बाक कारागृहाच्या कारखान्यातून घ्यावेत, ही सूचना मुंबईकर माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाची होती. पैसेही त्यांचेच होते. पत्रव्यवहार, भरणा आणि माल ताब्यात घेणे ही कामे शाळेचा लिपिक म्हणून माझ्याकडे आली. माल उत्तम मिळाला, दरही वाजवी होता. तरीही या खरेदीचा विषय निघाला की माझे डोके तापते, आणि त्याचे कारण केवळ कारागृहाचे फाटक आहे.

सागाचा आग्रह धरण्याचे कारण किनारपट्टीवर राहणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. लोखंडी बाकांना खारा वारा दोन-चार पावसाळ्यांत गंजवून टाकतो, प्लायवूड आषाढात फुगते आणि साध्या लाकडाला वाळवी सोडत नाही. रत्नागिरीत विशेष कारागृह असताना घाट चढायचा कशाला, असा प्रश्न शाळा समितीत प्रत्येकाने विचारला. कारखाना चालवायला सश्रम कारावासाची शिक्षा झालेले बंदी (कैदी) लागतात. कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, कैद्यांवर कामाची सक्ती करता येत नाही, आणि २०२२ अखेर देशातील तुरुंगांत दर शंभरांमागे सुमारे ७६ जण कच्चे कैदीच होते. सुतारकामाचे मोठे विभाग त्यामुळे येरवडा, नाशिक रोड, नागपूर यांसारख्या, दीर्घ मुदतीची शिक्षा भोगणारे बंदी जेथे असतात अशा मध्यवर्ती कारागृहांत आढळतात. आम्ही अशाच एका कारागृहाला लिहिले.

मागणीपत्र, दरपत्रक, आगाऊ भरणा आणि त्याची पावती हे सर्व विनातक्रार पार पडले. काम मात्र बाहेरच्या सुताराच्या वेगाने होईल अशी अपेक्षा ठेवू नये. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने बंद्याच्या कामाला एरवी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती, आणि प्रत्यक्षात तेवढेही हाती लागत नाहीत, कारण सकाळ-संध्याकाळची गिनती (बंद्यांची मोजणी) आणि दुपारची बंदी (बराकीत कोंडणे) यांत बराच वेळ जातो. काम थांबले की प्रत्येक पटाशी, रंधा आणि करवत मोजून जागेवर लागल्याशिवाय कोणालाही बराकीकडे सोडत नाहीत, असे तेथील सुतारकाम निदेशकांनी सांगितले. शाळा जूनच्या मध्यास सुरू होणार असेल, तर मागणीपत्र दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच गेलेले बरे.

वाहतूक खरेदीदाराने करायची होती. चिरे घेऊन घाटावर गेलेल्या गाड्या रिकाम्या परततात, त्यामुळे परतीचे भाडे स्वस्त पडते. अशीच एक गाडी आम्ही ठरवली. गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव आणि परवान्याची प्रत आधी कळवावी लागते, ती मी कळवली होती. मी एसटीने आदल्या दिवशीच पोहोचलो होतो.

फाटकावरच्या तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. गाडीखाली चाकांचा आरसा फिरला, ताडपत्री सोडून झटकली गेली, चालकाचा मोबाइल आणि क्लीनरची तंबाखूची पुडी टेबलावर जमा झाली, गाडीतले पाने आणि जॅकचा दांडा एकेक करून नोंदले गेले. बाहेरचे फाटक पूर्ण बंद झाल्यावरच आतले उघडले. तुरुंगात गाडी न्यायची म्हणजे एवढे सोसलेच पाहिजे.

घोळ झाला तो परतताना. आमची मागणी चाळीस बाकांची होती, आणि एक बाक म्हणजे बसायची फळी आणि पुढचे मेज असा जोड. कारखाना विभागाने चलनावर ‘४० जोड’ असे लिहिले. फाटकाच्या पासावर मात्र ‘४० नग’ अशी नोंद होती. दोन्ही भाग सुटे भरलेले असल्यामुळे फाटकावरच्या शिपायाने खडूने खुणा करत मोजले, तेव्हा ऐंशी नग भरले. त्याच्या दृष्टीने कागदापेक्षा चाळीस वस्तू जास्त बाहेर जात होत्या, आणि अशी गाडी त्याने अडवली यात त्याचे काहीही चुकले नाही. पण दुरुस्ती करण्याचा अधिकार ज्या कारखाना लिपिकाला होता, ते जेवायला गेले होते. ते परतले तोवर दुपारची बंदी सुरू झाली होती, आणि गिनती जुळेपर्यंत फाटक उघडत नाही. गिनती जुळली, तर दुरुस्त पासावर अधिकाऱ्यांची सही हवी होती आणि ते फेरीवर होते.

मी या सगळ्या वेळात फाटकाबाहेर, मुलाखतीसाठी आलेल्या बायाबापड्यांच्या रांगेशेजारी उभा होतो. चालकाचा मोबाइल आत जमा असल्यामुळे गाडी कोठे अडली हे मला कळायचा मार्ग नव्हता. चौकशीच्या खिडकीतून “काम चालू आहे” एवढेच उत्तर दर वेळी येत होते. माझा संताप झाला तो या उत्तराचा. एकाच आवारातील दोन टेबलांनी एकच माल दोन एककांत मोजावा, आणि त्याचा भुर्दंड घाट चढून आलेल्या गिऱ्हाइकाने सोसावा, ही कोणती शिस्त? अखेर दिवस मावळत आल्यावर, भरलेली गाडी रात्री आत ठेवता येत नाही म्हणून, सर्व बाक पुन्हा उतरवून गोदामात नेले आणि गाडी रिकामी बाहेर काढली. आमचा मालवणी चालक खाली उतरत मला म्हणाला, “साहेब, माणूस जामिनावर सुटता, पण ह्या बाकांका जामीन गावना नाय.”

दुसऱ्या दिवशी नव्या पासावर ‘४० जोड, एकूण ८० नग’ असे लिहून घेतले आणि त्यानंतर गाडी विनासायास बाहेर पडली. म्हणून सांगतो : मागणीपत्रातच एकक स्पष्ट लिहावे, आणि गाडी आत सोडण्यापूर्वी चलन व पास यांवरचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून वाचून घ्यावेत. गाडी सकाळी फाटक उघडताच लावावी, कारण भराईही बंदीच करतात आणि दुपारनंतर हाताशी माणसे नसतात.

बाकांचे सांधे घट्ट आहेत, पॉलिश एकसारखे आहे, आणि शाळेतला एकही बाक डुगडुगत नाही; बाजारातल्या मालाबद्दल मी असे म्हणू शकत नाही. पावसाळ्यात मात्र आणू नयेत. घाटात दरड कोसळली तर गाडी तिष्ठत राहते आणि ताडपत्रीखाली ओल धरते.

एक गोष्ट लिहायची राहिली. गाडीवाल्याने एका दिवसाच्या खोटीचे (गाडी अडकून राहिल्याचे) पैसे मागितले आणि मुंबईच्या खजिनदारांनी त्याचा पुरावा मागितला. त्या खोटीचा कागद कारागृहातून मिळत नाही. तेव्हा फाटकाच्या नोंदवहीतील आत जाण्याची व बाहेर येण्याची वेळ चलनाच्या मागे लिहून, शिक्का मारून घ्यावी. आमच्या हिशेबात ही रक्कम अजून ‘तसलमात’ (हिशेब द्यायची बाकी असलेली उचल) म्हणून माझ्याच नावावर दिसते.